चौदा नंबरचं चेंबर

"अजून थोडं डावीकडे," टिपणीस जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून म्हणाले. पहिल्या दोन पायऱ्या पाण्याखाली होत्या.

बुधाजी घरत तेरा नंबरच्या चेंबरमध्ये छातीइतक्या पाण्यात उभा होता. हातात बांबूची पंधरा फुटी कांब होती आणि ती तो उजवीकडे सारत होता, कारण गटार उजवीकडे जात होतं.

"साहेब, डाव्या अंगाला तुमचा जिना हाय," तो म्हणाला.

"असेल. पण प्रयत्न करून बघायला काय हरकत आहे?"

सकाळचे दहा वाजले होते. पाऊस पहाटेपासून एका लयीत पडत होता आणि नव्या पनवेलच्या त्या सेक्टरात तीन इमारतींच्या मधला रस्ता गुडघाभर पाण्याखाली गेला होता. तळमजल्यावरच्या लोकांनी उंबऱ्याशी गोणपाटं लावली होती. वरच्या मजल्यांवरचे लोक गॅलरीत उभे राहून चहा पीत होते आणि बुधाजीला सूचना करत होते. गटारात उतरायला लोक तयार नसतात, पण गटाराविषयी बोलायला सगळे तयार असतात, हे बुधाजीला चौदा वर्षांच्या नोकरीत कळून चुकलं होतं.

चेंबरच्या काठावर नीता आठल्ये उभी होती. ती जूनमध्येच देखभालीच्या कचेरीत ज्युनिअर इंजिनिअर म्हणून रुजू झाली होती. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकमध्ये घातलेला नकाशा. तिने गमबूट घातले होते, पण पाणी गमबुटांच्या वरून आत शिरलं होतं आणि आता तिला पाय उचलताना दोन बादल्या उचलल्यासारखं वाटत होतं.

"काका, बाकीची गँग कुठे आहे?"

"आज अवस हाय, म्याडम. गटारी."

नीता मूळची सांगलीची. "गटारी म्हणजे?"

"उद्यापासून श्रावण. म्हणून लोकं आज खाऊन-पिऊन घेतात. पाचजनांनी रजा टाकलीय." बुधाजीने कांब बाहेर ओढली. "आपली काय, बारा महिने गटारीच हाय."

नीताला हसू आलं, पण ते तिने आवरलं. तिला आज एक अवघड गोष्ट विचारायची होती. बुधाजीच्या सदऱ्याच्या खिशात, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद होता. कागद कचेरीचा होता आणि तिला तोंडपाठ होता: 'आपण सन १९८७ ते १९९१ या पाच वर्षांत अस्तित्वात नसलेले चेंबर क्र. १४ दरवर्षी साफ केल्याची नोंद आढळून येते. तरी याबाबत लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा.' सातवा दिवस उद्या होता.

"काका, नकाशात चेंबर चौदा आहेत. आपण तेरा मोजली. चौदावं कुठे आहे?"

बुधाजी पुन्हा कांब सारू लागला. "पावसात नीट ऐकू नाय येत, म्याडम."

"ते नाहीच आहे," टिपणीस पायरीवरून म्हणाले. त्यांना नीट ऐकू आलं होतं. "मी स्वतः पाहणी केली आहे. तसं अर्जात स्पष्ट लिहिलं आहे."

प्रभाकर टिपणीस समोरच्या इमारतीत तळमजल्यावर राहत. मुंबईत एका विमा कंपनीच्या कचेरीत तेहतीस वर्षं नोकरी करून ते मार्चअखेर निवृत्त झाले होते. पाणी तुंबण्याबद्दल त्यांनी आजवर एक्केचाळीस अर्ज केले होते आणि प्रत्येकावर घरचा जावक क्रमांक होता. माणूस सरळ होता. इतका, की एकदा एसटीत चुकून महिलांसाठी राखीव जागेवर बसून ते वाशीपर्यंत गेले, तर घरी आल्यावर त्यांनी आगारप्रमुखांना माफीचं पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही म्हणून स्मरणपत्रही पाठवलं.

बुधाजीचा मेमो त्यांच्या एक्केचाळिसाव्या अर्जामुळेच निघाला होता.

चौदावं चेंबर कुठे आहे हे वसाहतीत दोनच माणसांना ठाऊक होतं. एक बुधाजी आणि दुसऱ्या रमाबाई, म्हणजे टिपणिसांच्या पत्नी. ते टिपणिसांच्या पलंगाखाली होतं.

बुधाजी शेजारच्या विचुंबे गावचा. ही वसाहत उठली त्या जमिनीत त्यांची दोन भातशेतं होती. पावसाळ्यात शेती आणि दिवाळीनंतर खाडीवरच्या मिठागरात काम, असं त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. मिठागरात पाणी कधी घ्यायचं, कधी कोंडायचं आणि कधी सोडायचं यावर सगळं पोट. त्यामुळे त्याला तारखा कळत नसत, पण तिथी पाठ होत्या. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते, हे त्याच्या बापाने त्याला दात पडायच्या वयात शिकवलं होतं. पुढे शेतं गेली, मिठागरं बंद पडली आणि वसाहतीच्या कचेरीत त्याला मजूर म्हणून घेतलं. काम गटारांचं होतं. घरी मालूला, त्याच्या बायकोला, वाईट वाटलं. तो म्हणाला, "पानी तेच हाय, जरा काला झालाय."

टिपणिसांच्या घरामागे थोडी मोकळी जागा होती. १९८६ च्या दिवाळीत त्यांनी तिथे एक खोली काढली. वर सिमेंटचे पत्रे, खाली शहाबादी फरशी. तेव्हा सगळ्याच तळमजल्यांवर अशा खोल्या निघत होत्या, आणि कुणाला त्यात काही चुकतंय असं वाटत नव्हतं. टिपणीस पहाटेची एसटी धरून मुंबईला जात आणि दिवे लागल्यावर परत येत. खोली कंत्राटदाराने बांधली, आणि तिच्या मधोमध गटाराचं झाकण येत होतं ते त्याने फरशीखाली घेऊन टाकलं. काय होत नाही, असं तो रमाबाईंना म्हणाला. टिपणिसांनी पाहिली ती तयार फरशी.

खोली रमाबाईंसाठी होती. पनवेलला राहायला आल्यावर त्यांची दादरच्या शाळेतली नोकरी सुटली होती. मग दुपारी त्या या खोलीत विचुंब्याच्या मुलींना दहावीचं गणित आणि इंग्रजी शिकवू लागल्या. फी नव्हती. येताना हात-पाय धुऊन यायचं आणि पाढे म्हणताना अंगठ्याने बोटं मोजायची नाहीत, एवढ्याच दोन अटी होत्या.

पुढच्या मे महिन्यात बुधाजी कुदळ खांद्यावर टाकून चौदा नंबर शोधत आला आणि खोलीच्या दारात थांबला. आत नऊ मुली बसल्या होत्या. तिसरी त्याची कुंदा होती. तिने बापाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"बाई," बुधाजी म्हणाला, "तुमच्या वर्गाखाली माझा चेंबर हाय."

रमाबाईंनी खडू खाली ठेवला. "किती खाली?"

"दोन हात."

"मुली उठवल्या तर काढता येईल?"

मुली उठल्या. दोन फरश्या उचलल्या. बुधाजीने उतरून तासाभरात सगळा गाळ काढला आणि रमाबाईंनी तेवढ्यात मुलींना चेंबरची लांबी, रुंदी, खोली मोजायला लावून गाळाचं घनफळ काढायला सांगितलं. पुढच्या मार्चमध्ये परीक्षेत घनफळाचं गणित अवघड आलं. नऊच्या नऊ मुलींचं बरोबर आलं.

"ह्यांना मात्र सांगू नका," फरशी परत बसवताना रमाबाई म्हणाल्या.

"खोली पाडतील म्हणून?"

"पाडतील म्हणून नाही. ते स्वतःच्या विरुद्ध अर्ज करतील."

तेव्हापासून त्या फरश्यांना सिमेंट लावलं गेलं नाही. दरवर्षी मे महिन्यात, टिपणीस मुंबईला गेले की बुधाजी यायचा, पलंग सरकवायचा, चेंबर साफ करायचा, चहा प्यायचा आणि कचेरीत जाऊन 'एक ते चौदा साफ' या नोंदीपुढे सही करायचा. नोंद खरी होती. पाऊस कितीही पडो, भरती उतरली की रस्ता दोन तासांत कोरडा व्हायचा. तेवढ्या दोन तासांबद्दल टिपणीस अर्ज करायचे.

यंदा टिपणीस निवृत्त झाले आणि सगळं अडलं. ते दिवसभर घरात असत, आणि घरात म्हणजे त्याच पलंगावर. तिथे वारा चांगला येतो, असं त्यांचं म्हणणं. मांडीवर पाट, पाटावर कागद, आणि बरोबर खाली चौदा नंबर.

रमाबाईंनी एप्रिलमध्ये त्यांना बाजारात पाठवून पाहिलं. ते यादी करून जात आणि वीस मिनिटांत परत येत. मग मे महिन्यात त्यांनी आपटा गावी बहिणीकडे आंबे आणायला पाठवलं. ते चार दिवस राहतील असा अंदाज होता. बुधाजीने पलंग सरकवला, पहिली फरशी उचलली आणि फाटकाची कडी वाजली. बहिणीकडे वीज नव्हती आणि वर्तमानपत्र येत नव्हतं, म्हणून टिपणीस त्याच एसटीने परतले होते.

बुधाजीने फरशी टाकली. रमाबाईंनी पलंग ढकलला.

"घरत? तुम्ही इथे कसे?"

"कुंदाचा डी.एड.चा फॉर्म हाय ना, साहेब. भरायचाय. म्हटलं तुमाला इचारावा."

टिपणीस खूश झाले. फॉर्म भरणं त्यांना फार आवडायचं. त्यांनी दोन तास बसून सुवाच्य अक्षरात फॉर्म भरला, तिन्ही ठिकाणी सह्यांच्या जागी बारीक फुल्या केल्या. कुंदा तेव्हा अलिबागला डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होती.

मे संपला. बुधाजी नोंदवहीपुढे उभा राहिला. कमलाकर नावाचा कारकून नोंदी करायचा.

"एक ते चौदा, ना?"

"एक ते तेरा."

"दर साली चौदा असतात."

"यंदा तेरा साफ झाल्यात."

"अरे, लिहून टाकतो चौदा. बघतंय कोण?"

"नाय. जो केला नाय तो केला असा कसा लिवाचा?"

खरोखरच कुणी बघितलं नसतं. पण जूनमध्ये टिपणिसांनी अर्ज करून नोंदवहीची नक्कल मागवली. मग त्यांनी छत्री घेऊन सेक्टरभर फिरून झाकणं मोजली. तेरा भरली. यंदा चौदावं साफ झालेलं नाही, असं त्यांनी लिहिलं. आणि मुळात ते नाहीच, म्हणजे आधीची पाच वर्षं नोंद खोटी झाली, असंही लिहिलं. अर्ज इतका मुद्देसूद होता की कचेरीला काहीतरी करणं भाग पडलं.

बुधाजीने मेमो घरी दाखवला नाही. रमाबाईंनाही सांगितलं नाही. दसऱ्याच्या आधी त्याची नोकरी संपायची होती. चौकशी लागली तर ती किती दिवस चालेल आणि तिचा शेवट काय होईल, हे त्याला कुणी सांगू शकत नव्हतं. रोज सकाळी तो दुधाची पिशवी खिशात आहे ना ते चाचपून कामावर येई.

"भरती कधी उतरणार?" नीताने विचारलं.

"अवसेची मुंबईला सव्वाअकराला भरते. हितं बारा. मंग सहा तास ओहोटी. तेवढ्यात पानी गेला त गेला, नाय त पुढची भरती डोक्यावर बसंल." बुधाजीने कांब वर घेतली. ती पोचली तिथवर गाळ नव्हता; टोक स्वच्छ होतं. "तेराच्या पुढं वाट बंद हाय."

"म्हणजे पुढे काहीतरी आहे."

बुधाजीने कांब काठावर आडवी ठेवली.

नीताने नकाशा जिन्याच्या कठड्यावर पसरला. तेरापासून चौदा बारा मीटर, सरळ रेषेत. तिने पिशवीतून मोजायची टेप काढली. गुंडाळी बुधाजीच्या हातात देऊन, टेपचं टोक घेऊन ती निघाली. रेषा मेंदीच्या कुंपणावरून गेली, टिपणिसांच्या मागच्या अंगणात शिरली आणि खोलीच्या खिडकीशी थांबली.

"आठ मीटर झाले," नीता म्हणाली. "पुढे खिडकी आहे."

"द्या इकडे, मी आतून धरतो," टिपणीस उत्साहाने म्हणाले. "एकदाचा निकाल लागू दे." ते घरातून वळसा घालून खोलीत गेले, गजांमधून टेपचं टोक घेतलं आणि पाठीमागे सरकू लागले.

"किती?" त्यांनी विचारलं.

"दहा," खिडकीशी टेप वाचून त्यात आठ मिळवत नीता म्हणाली.

"आणि आता?"

"साडेदहा. अजून मागे. अकरा."

"जरा थांबा, इथे पलंग आहे."

"मग पलंगावर चढा. अजून एक मीटर हवा."

आत पलंग करकरला.

"बारा," नीता म्हणाली. "कुठे आहात तुम्ही?"

पलंग पुन्हा करकरला. "पलंगावर," टिपणीस म्हणाले. "माझ्या जागेवर."

बुधाजी चेंबरमधून वर आला होता आणि नीताच्या मागे पाण्यात उभा होता.

"यात काहीतरी चूक आहे," टिपणीस टेप धरूनच म्हणाले. "नकाशा चुकला असेल. मेमो निघालाय, खुलासा येईल, तेव्हा—"

"मेमो कुणाला?" रमाबाई दारात आल्या होत्या. दिव्यांची अवस म्हणून त्या घरातले सगळे दिवे घासत होत्या. हाताला चिंच लागली होती.

"घरतांना. चौदा नंबरबद्दल. पाच वर्षं खोटी नोंद."

रमाबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. "बुधाजी, तुम्ही मला बोलला नाहीत."

"बोलून काय व्हनार व्हता, बाई."

रमाबाईंनी हात पदराला पुसले. "उठा," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"का?"

"पलंग सरकवायचाय. डाव्या पायाशी चौथी फरशी आणि तिच्या शेजारची. सिमेंट नाहीये त्यांना."

"तुला काय माहीत?"

"दर वर्षी काढतो आम्ही."

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी न् बाई," बुधाजी खिडकीतून म्हणाला.

टिपणीस पलंगावरून उतरले. त्यांनी टेप नीट पलंगाच्या कडेला ठेवली. त्यांचा चेहरा एखादं पत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतल्यासारखा झाला होता.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही अर्ज केला असतात."

टिपणिसांनी थोडा विचार केला. "केला असता," ते म्हणाले.

फरश्या निघाल्या. खाली झाकण होतं आणि झाकणाखाली वर्षभराचा गाळ काठोकाठ बसला होता. बुधाजी उतरला. नीताने गमबूट काढून कोपऱ्यात उभे केले आणि बादली धरली. ती रमाबाईंना देई, रमाबाई टिपणिसांना, आणि टिपणीस मागच्या दारातून बाहेर ओतून येत. पहिल्या दहा बादल्या ते मोजत होते. मग मोजायचे थांबले. वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, टिपणीसकाका, काय चाललंय? त्यांनी वर न बघता सांगितलं, "पाहणी."

साडेअकराला बुधाजीने हात वर केला. "आता थांबायचा."

"का?" नीता म्हणाली. "थोडाच तर राहिलाय. तोंडाशी अडकलेला बोळा ओढला की झालं."

"गटार जिथं पडतो ती नदी भरलीय, म्याडम. आता वाट खोलली त नदीचा पानी वर येल, घरात. भरती थकू द्या."

मग चौघं थांबले. रमाबाईंनी चहा केला. तिघं फरशीच्या कडेला बसले आणि बुधाजी चेंबरमध्ये उभा राहून, कपबशी फरशीवर ठेवून चहा पिऊ लागला. त्याचं डोकं आणि खांदे तेवढे जमिनीच्या वर होते. टिपणीस आयुष्यात प्रथमच त्याच्या समोरासमोर, त्याच्याच उंचीवर बसले होते.

"घरत, मेमोला काय उत्तर देणार होतात?"

"मना सही येते, साहेब. उत्तर नाय येत."

"पण खरं सांगितलं असतंत तर मेमो तिथल्या तिथे गेला असता."

"खोली बी गेली असती." बुधाजीने बशीतला चहा फुंकला. "माज्या कुंदाच्या मागून गावातल्या बावीस पोरी हितं दहावी झाल्या. आदी आमच्या गावात पोरीनला दहावीपर्यंत कोन पाठवत नव्हता. मी बोललो, मेमो काय, एक कागूद. सोसंल."

टिपणिसांनी कप खाली ठेवला. कपाचा कान नीट उजवीकडे फिरवला. नंतर म्हणाले, "तो फॉर्म. कुंदाचा. तो लागणारच नव्हता ना?"

"नाय, साहेब. पन मी ठेवलाय. अक्षर जाम चांगला हाय."

बारा वाजून गेले. बुधाजीने पाय पाण्यात स्थिर केले आणि डोळे मिटले. एकदा म्हणाला, "अजून नाय." मग काही वेळाने त्याने कप-बशी बाजूला सारली, खोल श्वास घेतला आणि खाली गेला. त्याचा हात, खांदा, डोकं पाण्याखाली दिसेनासं झालं. नीता उठून उभी राहिली. तिने मनात आकडे मोजायला सुरुवात केली आणि एकवीसला बुधाजी वर आला. हातात चिखलाने माखलेला पोत्याचा बोळा होता आणि त्यात अडकलेली मुळं.

क्षणभर काही झालं नाही. मग फरशीखालून घशातून यावा तसा आवाज आला आणि चेंबरमधलं पाणी गोल फिरू लागलं. टिपणीस खिडकीशी गेले. बाहेर तेरा नंबरच्या तोंडाशीही पाणी फिरत होतं आणि रस्त्यावरचं कागद, पानं, एक प्लॅस्टिकचा मग, सगळं हळूहळू त्या दिशेने निघालं होतं. दीड वाजता जिन्याची दुसरी पायरी दिसली. तीन वाजता रस्ता दिसला. वरच्या मजल्यावरचे लोक जेवून झोपले होते.

त्या संध्याकाळी टिपणिसांनी दोन कागद लिहिले. पहिला बुधाजीचा खुलासा: 'चेंबर क्र. १४ अस्तित्वात असून ते श्री. प्र. वा. टिपणीस यांच्या पलंगाखाली आहे. मी ते दरवर्षी साफ केले आहे. यंदा सदर गृहस्थ पलंगावरून न उठल्याने काम होऊ शकले नाही.' बुधाजीने खाली सही केली. दुसरा अर्ज स्वतःविरुद्ध होता, जावक क्रमांक बेचाळीस. रमाबाईंनी तो वाचला, एक र्‍हस्व-दीर्घ दुरुस्त केलं आणि परत दिला.

मेमो दप्तरी दाखल झाला. खोलीची नोटीस मात्र निघाली. ती नीतालाच आणून द्यावी लागली. ती बराच वेळ दाराशी उभी होती; शेवटी टिपणिसांनीच तिच्या हातातून कागद घेतला, पोच दिली आणि तारीख घालायला विसरू नका म्हणून सांगितलं. तिला रडू येतंय हे लक्षात आल्यावर ते आत जाऊन पाणी घेऊन आले.

मुदत पंधरा दिवसांची होती. टिपणिसांनी खोली बाराव्या दिवशी उतरवली. बुधाजी रजा टाकून पहार घेऊन आला. पत्रे काढले तेव्हा रमाबाईंचा वर्ग चालू होता. वरून एकेक पत्रा निघत होता आणि खाली मुलींच्या वह्यांवर ऊन पुढे सरकत होतं. समीकरण संपवून मगच त्यांनी मुलींना उठवलं. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि भिंत पडायचा आवाज थांबेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

बुधाजी सप्टेंबरअखेर निवृत्त झाला. कचेरीत हार, नारळ झालं. नीताने भाषणात सांगितलं की ती त्यांच्याकडून पाणी कधी अडवायचं ते शिकली. कमलाकरला वाटलं ती चुकून बोलली.

दुसऱ्या आठवड्यात बुधाजी टिपणिसांच्या दारात आला. त्याने घराची पडवी सारवून घेतली होती. दहा-बारा पोरी सहज बसतील, मालू म्हणते बाईंना बोलव, असं त्याने सांगितलं. रमाबाईंनी विचार करायला चप्पल घालण्याइतकाच वेळ घेतला. फळा तेवढा न्यायला हवा होता. तो खोलीच्या भिंतीवरून काढून बाहेरच्या खोलीत आडवा ठेवला होता. पाच फूट लांब, सागवानी चौकटीचा.

"मी घेतो," टिपणीस म्हणाले.

"मी नेतो की, साहेब."

"नाही. तुम्ही रिटायर झालात."

नाल्याच्या कडेने विचुंब्याला जायची पायवाट होती. परतीचा पाऊस सकाळीच पडून गेला होता. पुढे बुधाजी, मध्ये रमाबाई आणि मागे डोक्यावर फळा घेतलेले टिपणीस. गावाच्या तोंडाशी गंगाबाई नावाची म्हातारी भांडी घासत बसली होती.

"बुधाजी, मागं कोन हाय रं?"

"बाईंचं मालक."

"मंग फला त्यांना कशाला दिलाय? पोरीनला सांगाचा व्हता."

"मी मागून घेतलाय," फळ्याखालून टिपणीस म्हणाले.

पुढे वाट बांधावर चढत होती आणि माती निसरडी होती. फळ्यामुळे टिपणिसांना स्वतःचे पाय दिसत नव्हते. बुधाजी थांबला. रमाबाईंना पुढे जाऊ दिलं आणि तो उलटा वळून, टिपणिसांच्या पायांकडे बघत, एकेक पाऊल मागे सरकू लागला.

"हितं पाय ठेवा, साहेब. हितं नको. आता हितं."

टिपणीस आवाज येईल तिथे पाय ठेवत गेले.